म्युनिकहून चार दिवस, सोबत आई-बाबा: पॅरिस, रोम, प्राग की व्हिएन्ना?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही म्युनिकला राहता, घरात तुम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. साताऱ्याहून आई-बाबा आले आहेत. मे महिन्यात ख्रिस्टी हिमेलफार्टचा (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा) गुरुवार आणि त्याला जोडून शुक्रवारची रजा असे चार दिवस मिळतात. पॅरिस, रोम, प्राग आणि व्हिएन्ना यांतलं सगळ्यांत छान शहर कोणतं, आणि जमलं तर लंडनही बघता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मग अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय की बाबांचा गुडघा दुखतो, आई अंडंही खात नाहीत, आणि त्यांचं पुन्हा युरोपात येणं होईल की नाही सांगता येत नाही.

मी बरीच वर्षं मराठी कुटुंबांच्या युरोपातल्या सहली आखून देते आहे. तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. छान तर ती चारही शहरं आहेत. या पाच माणसांना या चार दिवसांत कोणतं शहर झेपेल आणि त्यांना तिथे आनंद मिळेल, हे आपल्याला ठरवायचंय.

लंडनचा विषय आधी संपवते. आई-बाबांचा व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा आहे, तो ब्रिटनला चालत नाही. तिथला वेगळा व्हिसा काढावा लागतो, आणि इतक्या कमी वेळात त्या खटपटीत पडू नये. तुमची चारही शहरं शेंगेनमध्येच आहेत, त्यामुळे व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तरी काही अडत नाही. तरीही बुकिंग करण्याआधी दोघांच्या पासपोर्टवरचा व्हिसा काढून त्यावरची शेवटची तारीख आणि मुक्कामाचे दिवस स्वतः वाचा. व्हिसाच्या मुदतीच्या तारखा आणि प्रत्यक्ष राहता येणारे दिवस हे दोन आकडे वेगळे असतात, आणि घोळ नेमका तिथे होतो. भारतातून काढलेला प्रवासविमाही एकदा बघून घ्या. व्हिसासाठीचा विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा असावा लागतो, म्हणजे तो तुमच्याकडे असणारच. त्याची छापील प्रत मात्र सोबत ठेवा.

आता वेळेचा हिशोब. चार दिवसांची सुट्टी म्हणजे चार दिवस हातात असं सगळे धरून चालतात. जाण्या-येण्याचा वेळ वजा केला की साधारण तीन दिवस उरतात, आणि सोबत सत्तरीची माणसं असतील तर प्रत्येक दिवसातला दुपारचा आराम वजा करून अडीचच. म्हणून मी शहर बघायच्या आधी घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत किती तास लागतात ते मोजते.

रोमचं उदाहरण घ्या. विमान दीड तासाचं, म्हणून ते जवळ वाटतं. पण घरून विमानतळावर पोहोचायला एक तास, आई-बाबा सोबत म्हणून दोन तास आधी, दीड तास उड्डाण, सामान येईपर्यंत अर्धा तास, फ्युमिचिनोहून तेर्मिनी स्टेशनापर्यंत थेट गाडीने अर्धा तास, आणि तिथून हॉटेलवर आणखी अर्धा तास. झाले सहा तास, तेही चार-पाच वेळा चढउतार करून. व्हिएन्नाची थेट रेलजेट गाडी म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरून साधारण चार तासांत पोहोचवते. दोन्हीकडचा अर्धा-अर्धा तास धरला तरी पाच. त्यातले चार तास एकाच जागी बसून, पाय मोकळे करायला डब्यात येरझारा घालत, खिडकीतून कीम सरोवर आणि साल्झबुर्गचे डोंगर बघत जातात. घरून केलेले मेथीचे ठेपले आणि थर्मासमधला चहा गाडीत आरामात होतो. प्रागची गाडी साडेपाच-सहा तास घेते, पॅरिसचीही जवळपास तेवढीच. हे आकडे नेहमीचे आहेत. मार्गावर काम निघालं की वेळ वाढतो, म्हणून तुमच्या तारखेचं वेळापत्रक बघूनच ठरवा.

दुसरी कसोटी आहे बाबांच्या गुडघ्याची. गटात सगळ्यांत हळू चालणारा माणूस जितकं चालेल तितकंच सगळा गट चालतो. त्यामुळे शहरात बघण्यासारखं किती आहे यापेक्षा तिथे बसायला जागा कुठे कुठे आहे, पायऱ्या किती आणि पायाखाली काय आहे, हे मी आधी बघते.

त्या दृष्टीने प्राग अवघड आहे. तुम्ही दोघंच असता तर मी डोळे मिटून प्राग सांगितलं असतं. पण जुन्या भागात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, मोठी रस्त्यांवर आणि बारीक फुटपाथवर. गुडघा दुखणाऱ्याला त्यावरून अर्धा तास चालणं साध्या रस्त्यावरच्या दोन तासांइतकं जड जातं. किल्ल्यापर्यंत २२ नंबरची ट्राम नेते हे खरं, पण तिथून खाली माला स्त्राना या जुन्या वस्तीकडे यायचं तर उतार आणि पायऱ्या. पुढे १३५७ साली बांधायला घेतलेला चार्ल्स पूल अर्धा किलोमीटर लांब, आणि सुट्टीच्या दिवसांत त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते.

पॅरिसची अडचण मेट्रोची आहे. शहर प्रचंड, अंतरं मोठी, आणि जुन्या मेट्रोच्या बहुतेक स्टेशनांत जिनेच जिने. गाडी बदलताना जमिनीखालच्या बोगद्यांतून इतकं चालावं लागतं की बाबा आयफेल टॉवरपाशी पोहोचण्याआधीच दमतील. बसने फिरता येतं, बस चांगल्या आहेत, पण वेळ जातो. पॅरिसला वयस्कर माणसांसोबत पाच-सहा रात्री द्याव्यात, मधे एक दिवस रिकामा ठेवून.

रोमबद्दल एक गोष्ट मान्य करायलाच हवी: आईंच्या जेवणाचा प्रश्न चारही शहरांत रोममध्येच सगळ्यांत सहज सुटतो. पण मेच्या मध्यापासून तिथे दुपारी ऊन लागायला लागतं, बघण्यासारखं बरंच काही उघड्यावर आहे, आणि कलोसियमची तिकिटं नावानिशी, ठरावीक वेळेची असतात. रविवारी व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बंद. वेळापत्रकाला बांधलेलं शहर आहे ते, आणि तुमच्या गटाला वेळ सैल हवा.

म्हणून माझं उत्तर व्हिएन्ना. पण ते पक्कं करण्याआधी एक काम करा. आई-बाबांना "कुठे जायचंय?" असं विचारू नका. "तुम्ही न्याल तिथे" हेच उत्तर येतं, त्यांना खर्चात पाडायचं नसतं. त्यापेक्षा विचारा, साताऱ्याला परत गेल्यावर मावशीला, शेजारच्या काकांना कोणता फोटो दाखवायचाय? यावर जे उत्तर येतं ते मनातलं असतं. ते आयफेल टॉवर असेल तर माझा सगळा हिशोब बाजूला ठेवा. मग पॅरिसलाच जा, पण या सुट्टीत नको. ते परत जाण्याआधी आठवडाभराची रजा काढून जा. उत्तर बर्फाचे डोंगर असं आलं तर यादीतलं एकही शहर कामाचं नाही. ती हौस म्युनिकहून एका दिवसात भागते: गार्मिशला जाऊन २,९६२ मीटर उंचीच्या त्सुगश्पिट्सेवर गाडी आणि केबलकारने चढता येतं. केबलकार देखभालीसाठी बंद नाही ना, तेवढं आधी बघा. आणि ती हौस आधी भागवलीत तर ही चार दिवसांची सुट्टी शहरासाठी मोकळी राहते.

व्हिएन्नाची नावं आई-बाबांच्या ओळखीची नसतील, ही या शहराची उणी बाजू. महाल बघितला, पुढे काय, असं होऊ शकतं. त्यावर मी नेहमी एक करते, विशेषतः सातारा-पुण्याकडच्या मंडळींसाठी. शोनब्रुन महाल ज्या राणीच्या काळात आज दिसतो तसा सजला, ती मारिया थेरेसा १७४० मध्ये गादीवर आली. त्याच साली बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब, पेशवे झाले, आणि त्यांना वस्त्रं देणारे शाहू महाराज तेव्हा साताऱ्यातच होते. बाबांना हे गाडीतच सांगा. मग त्या दालनांतून फिरताना ते स्वतःच अंदाज बांधत जातात, तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं, वाडे कसे होते, दरबार कसा भरत असेल.

तसंच सेंट स्टीफन कॅथेड्रलचं. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला. इकडे त्या वर्षी संभाजी महाराज पोर्तुगीजांशी झुंजत होते. वेढा उठल्यावर तुर्कांच्या मागे राहिलेल्या तोफा वितळवून १७११ मध्ये एक अजस्र घंटा ओतली, तिचं नाव पुमेरिन. १९४५ च्या आगीत ती कोसळून फुटली, आणि तिच्याच धातूतून १९५१ मध्ये नवी घडवली. ती आता उत्तर मनोऱ्यात आहे, आणि तिथपर्यंत लिफ्ट जाते. दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, त्या मुलीला दाखवूसुद्धा नका, नाहीतर ती हट्ट धरेल. एकाने तिच्यासोबत चढायचं आणि बाकीच्यांनी खाली बसायचं असंही करता येईल. पण बाबांसाठी उत्तर मनोराच.

आता दिवस कसे लावायचे. माझा नियम असा की सकाळी एक मोठी गोष्ट, दुपारी खोलीवर दोन तास आडवं व्हायचं, आणि संध्याकाळी ट्राममधून किंवा बाकावर बसून जे दिसेल ते.

गुरुवारी सकाळी आठच्या आसपासची गाडी धरा, दुपारपर्यंत पोहोचाल. व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनवरून यू१ मेट्रो थेट श्टेफान्सप्लात्सला जाते. लक्षात घ्या, गुरुवारची सुट्टी ऑस्ट्रियातही आहे, म्हणजे दुकानं बंद. दूध, दही, ब्रेड मोठ्या रेल्वे स्टेशनांवरच्या सुपरमार्केटात मिळतं. गाडीतून उतरल्यावर तिथेच घेऊन टाका. रविवारीही हाच प्रकार. संध्याकाळी १ आणि २ नंबरच्या ट्राम मिळून रिंगस्ट्रासेचा फेरा पुरा करा. १८६५ मध्ये हा रस्ता खुला झाला, जुन्या तटबंदीच्या जागी. ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ, सगळं काचेतून बसल्या बसल्या दिसतं. कामांमुळे ट्रामचे मार्ग बदलतात, त्यामुळे अ‍ॅपवर त्या दिवशीचा मार्ग बघून निघा. काही दिवस चालणारं एकच तिकीट काढलंत की चढउताराची चिंता राहत नाही, दोन थांब्यांसाठीही ट्राम घ्या.

शुक्रवारी सकाळी शोनब्रुन. महालाच्या तिकिटावर वेळ लिहिलेली असते, ते आधीच ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली-दुसरी वेळ घ्या. दालनं जास्त दाखवणारं लांब तिकीट तुमच्यासाठी नको, छोटं पुरेसं आहे. बाग फुकट आहे. ग्लोरिएट ही कमानींची वास्तू बागेतल्या टेकडीवर आहे, बाबांनी चढू नये. बागेत मोसमात एक छोटी गाडी फिरते, तिने वर जा. १७५२ पासूनचं प्राणिसंग्रहालय याच आवारात आहे. मुलीचा जीव त्यात असेल तर तुमच्यापैकी एकाने तिला घेऊन जावं आणि बाकीच्यांनी खोलीवर यावं. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायला हवं, हा आग्रह सोडला की निम्मी भांडणं होत नाहीत.

शनिवारी मारिया थेरेसा चौक. इथे समोरासमोर दोन सारख्या इमारती आहेत: एक निसर्गविज्ञानाचं संग्रहालय, दुसरं चित्रांचं. दोन्हीकडे १९ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट. मुलगी आणि तुमच्यापैकी एकजण डायनासोरचे सांगाडे आणि उल्का बघा. तिथेच विलेनडॉर्फ गावी सापडलेली, जेमतेम ११ सेंटीमीटरची पाषाणयुगीन मूर्ती आहे. आई-बाबांना समोर चित्रांकडे न्या. ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराच्या खोलीत मधे बसायला जागा आहे, आणि ती चित्रं बसूनच बघायची: खेडं, लग्नाची पंगत, थाळ्या वाहून नेणारी माणसं, बर्फातून परतणारे शिकारी. चित्रकलेचा गंध नसलेली माणसंही तिथे रमतात, कारण त्यात गावातलं रोजचं जगणं आहे. संध्याकाळी हवा बरी असेल तर प्राटर या करमणूक बागेतला १८९७ सालचा मोठा पाळणा. बंद डबे आहेत, अगदी संथ फिरतो, म्हाताऱ्या माणसांना भोवळ येत नाही.

रविवार सकाळी कॉफीहाउस. हे मी वेळ उरला तर म्हणून सांगत नाहीये, व्हिएन्ना निवडण्याचं अर्धं कारण हेच आहे. जुन्या कॉफीहाउसात मेलांज, म्हणजे दुधाची फेसाळ कॉफी, मागवलीत की धातूच्या लहान ताटलीत कप येतो आणि शेजारी पाण्याचा पेला. एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. वेटर जरा तुटक बोलतात, ती तिथली रीत आहे, आई-बाबांना आधी सांगून ठेवा. ते पाणी निर्धास्त प्यावं. १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी नळाने शहरात आणलंय. बाटल्या विकत घेऊ नका, भरून घ्या.

जेवणाचं जरा जपून. तुम्ही म्युनिकला राहता, त्यामुळे जर्मनमध्ये विचारू शकाल, हे मोठं बळ आहे. इथे भाजीचं दिसणारं सूपही पुष्कळदा मांसाच्या रसात असतं. व्हिएन्नाच्या बटाट्याच्या सॅलडातही तो रस घालण्याची पद्धत आहे, आणि तिथे सहसा कुणाला शंका येत नाही. काइझरश्मारन (गोड पॅनकेकचे तुकडे) आणि चीजच्या श्पेट्झलेत (एक प्रकारचा पास्ता) अंडं असतं. आईंसाठी फलाफल, हमस, भारतीय उपाहारगृहं, आणि खरं सांगायचं तर खोलीतला वरणभात हाच भरवशाचा उपाय.

म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. घरगुती भाड्याच्या खोल्यांवर व्हिएन्नाने जुलै २०२४ पासून वर्षाला ९० दिवसांची मर्यादा घातली आहे, तेव्हा ऐनवेळी रद्द होण्याचा धोका नको असेल तर अपार्टमेंट-हॉटेल बरं. एक गोष्ट मात्र फोन करून विचाराच: लिफ्ट खोलीच्या दारापर्यंत जाते का, की रस्त्यावरून लिफ्टपर्यंतच आधी पायऱ्या आहेत? व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर उंच तळमजला, मग मेझानिन, आणि त्यानंतर कुठे पहिला मजला मोजतात. "पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही" म्हणजे आपल्या हिशोबाने तिसरा मजला असू शकतो. भाग म्हणाल तर मुख्य स्टेशन ते कार्ल्सप्लात्स यांमधला यू१ च्या जवळचा पट्टा घ्या. सामान घेऊन फार फिरावं लागत नाही.

तिकिटांचं असं, की एकाच गाडीचा दर जर्मन आणि ऑस्ट्रियन रेल्वेच्या साइटवर वेगवेगळा दिसतो. दोन्हीकडे बघा. स्वस्त तिकिटं लवकर संपतात, आणि या गुरुवारी अर्धं म्युनिक बाहेर पडतं, त्यामुळे सीटचं आरक्षण वेगळे पैसे पडले तरी करा. आई-बाबांना उभं राहायला लागलं तर सगळ्या सहलीची चव जाते. पाच जागा एकत्र मिळणं कठीण, चार जागांचं टेबल आणि पलीकडची एक असं मागा. परतीची गाडी रविवारी दुपारी दोनच्या सुमाराची घ्या, संध्याकाळच्या गाड्या खचाखच असतात. जर्मनीच्या हद्दीत शिरताना पोलीस डब्यात येऊन कागदपत्रं तपासतात, तेव्हा आई-बाबांचे पासपोर्ट आणि तुमची रहिवासी कार्डं वरच्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवा. बाबांना आधीच सांगा की ही नेहमीची तपासणी आहे, गणवेश बघून ते उगाच घाबरतील.

आणि आठवडाभर आधी गुडघा जास्तच दुखायला लागला तर? त्या शक्यतेसाठी हॉटेल असं घ्या की दोन-तीन दिवस आधी रद्द करता येईल, आणि मग साल्झबुर्गला एक दिवस जाऊन या. बायर्न-तिकिटावर (बव्हेरियातल्या लोकल गाड्यांच्या दिवसभराच्या तिकिटावर) पाच जणांपर्यंत जाता येतं, ते साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊनंतरच निघण्याची अटही नसते. लोकल गाडीने दोन तासांच्या आत पोहोचता. मिराबेल बाग फुकट आणि सपाट आहे, किल्ल्यावर १८९२ पासूनची उताराची रेल्वे चढवते, आणि रात्री सगळे आपापल्या अंथरुणात.

आधी मावशीच्या फोटोचा प्रश्न विचारा. उत्तर काय आलं ते इथे लिहा, म्हणजे तारखेप्रमाणे गाड्या आणि महालाची वेळ मी जुळवून देते.